आय ड्राइव्ह युअर ट्रक

अमेरिकन कंट्री संगीतातील एक शोकगीत. जेसी अलेक्झांडर, कॉनी हॅरिंग्टन व जिमी येअरी या तिघांनी ते रचले. गायक ली ब्राइस यांच्या ‘हार्ड टू लव्ह’ (२०१२) या ध्वनिसंग्रहात ते प्रथम आले.

गीताचा उगम एका पित्याच्या मुलाखतीत आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील रेनम गावचा सार्जंट जॅरेड माँटी हा २१ जून २००६ रोजी अफगाणिस्तानच्या नूरिस्तान प्रांतात, उघड्यावर जखमी होऊन पडलेल्या सहकाऱ्यास शत्रूच्या भडिमारातून परत आणण्याचा तिसऱ्यांदा प्रयत्न करीत असता धारातीर्थी पडला, आणि २००९ मध्ये ‘मेडल ऑफ ऑनर’ हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान त्यास मरणोत्तर बहाल झाला. त्याचे वडील पॉल माँटी, पेशाने शिक्षक, मुलाची डॉज पिकअप गाडी स्वतः चालवीत राहिले. पुत्राची आठवण तर त्यांना घटकाघटकेला होतच असे, परंतु त्या गाडीत तो सर्वांशाने भरून राहिला आहे, ही त्यांची श्रद्धा होती. २०११ च्या हुतात्मा स्मृतिदिनी त्यांचे हे बोल हॅरिंग्टन यांनी नभोवाणीवर ऐकले आणि सहकाऱ्यांपुढे मांडले.

रचनेत बोलतो तो मात्र पिता नव्हे. थडग्याकडे जाऊन आलास का, असे आई ज्यास विचारते, असा तो मागे राहिलेला जिवलग आहे, आणि थडग्याशी मृत सैनिकाचे सान्निध्य त्यास जाणवत नाही म्हणून तो त्याची गाडी घेऊन शेताडीतल्या रस्त्यांवर भटकतो. रक्षापात्रातली चिल्लर, मळकी टोपी, आरशाला अडकविलेल्या सैनिकी ओळखपट्ट्या, मृताने लावून ठेवलेले व कोणी न बदललेले नभोवाणी केंद्र, अशाच सामग्रीवर हे गीत उभे आहे. रणभूमीचे वर्णन नाही, पराक्रमाचा जयघोष नाही, शत्रूचा उल्लेखही नाही. युद्धविषयक कंट्री गीतांत देशाभिमानाचा स्वर पुष्कळदा चढा लागतो, त्या मानाने हा संयम असामान्य होय, आणि गीताचे खरे सामर्थ्य आमच्या मते याच संयमात आहे.

एप्रिल २०१३ मध्ये ‘बिलबोर्ड’च्या कंट्री एअरप्ले यादीत ते अग्रस्थानी पोहोचले, त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार त्यास मिळाला. पुढे गीतकारांची व पॉल माँटी यांची भेटही झाली.

मॅसॅच्युसेट्समधील बोर्न येथील राष्ट्रीय दफनभूमीत, जेथे जॅरेड चिरविश्रांती घेत आहे, थडग्यांवर ध्वज लावण्यास पूर्वी मनाई होती. ती उठावी म्हणून या पित्याने नेटाने पाठपुरावा केला, आणि २०११ पासून स्वयंसेवकांच्या हस्ते तेथील हजारो थडग्यांवर ध्वज लावण्याची प्रथा सुरू झाली. पॉल माँटी २०२२ मध्ये निधन पावले.