दोन अर्थांचा प्रशिक्षक : डी. वेन ल्युकस

१/
मराठीत खेळाडू घडवणाऱ्याला ‘प्रशिक्षक’ म्हणतात आणि शर्यतीचा घोडा तयार करणाऱ्यालाही ‘प्रशिक्षक’च म्हणतात. प्रत्यक्षात ही दोन जगे परस्परांपासून फार दूर आहेत. एका अमेरिकन माणसाने मात्र एकाच आयुष्यात हा शब्द दोन्ही अर्थांनी सार्थ केला. त्यांचे नाव डी. वेन ल्युकस (१९३५–२०२५).

२/
केळवे रोडहून चर्चगेटकडे जाणारा लोहमार्ग महालक्ष्मीवरून जातो. स्थानकाजवळच १८८३ पासूनचे रेसकोर्स आहे आणि १९४३ पासून इंडियन डर्बी तिथे धावली जाते. या क्षेत्रात येण्याची रुळलेली वाट घोड्याच्या पाठीवरून जाते. पेसी श्रॉफ आधी नामवंत जॉकी होते, मग प्रशिक्षक झाले. ल्युकस आले ते थेट बास्केटबॉलच्या मैदानातून.

३/
त्यांचा जन्म विस्कॉन्सिन राज्यातील अँटिगो या छोट्या गावचा. घोड्यांचे वेड लहानपणापासूनचे, पण पेशा शिक्षकाचा. विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकून त्यांनी तिथल्या बास्केटबॉल संघाचे सहायक प्रशिक्षक म्हणून काम केले. पुढे ला क्रॉस शहरातील लोगन हायस्कूलच्या संघाची धुरा त्यांच्याकडे आली. घोडे तेव्हा फावल्या वेळापुरते होते.

४/
१९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी शाळेची नोकरी सोडली आणि ‘क्वार्टर हॉर्स’ जातीचे घोडे तयार करण्याचे काम पूर्णवेळ पत्करले. हा घोडा पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या धावेचा राजा. या क्षेत्रात त्यांनी २४ विजेते घोडे जागतिक अजिंक्यपदापर्यंत नेले. १९७८ मध्ये ते थरोब्रेडकडे, म्हणजे लांब पल्ल्याच्या आणि मोठ्या पैशाच्या शर्यतींकडे वळले.

५/
पागेत शिरताना त्यांनी शाळेची शिस्त सोबत आणली. त्यांच्या तबेल्याची जमीन रोज दाताळ्याने सारखी केलेली असे, दारांशी फुलांच्या कुंड्या टांगलेल्या असत, घोड्यांच्या तोंडी पांढरे लगाम असत. एका जागी बसून संधीची वाट पाहण्याऐवजी ते घोडे विमानाने देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेत. ज्या शर्यतीत आपला घोडा जिंकू शकेल, तिथे तो हजर होई. संघ घेऊन गावोगावी सामने खेळणाऱ्या प्रशिक्षकाचीच ही रीत.

६/
अमेरिकेतील तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन मानाच्या शर्यती म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट. तिन्ही मिळून ‘ट्रिपल क्राउन’. १९८० मध्ये कोडेक्सने प्रीकनेस जिंकून ल्युकस यांना यांतले पहिले यश दिले. १९८८ मध्ये ‘विनिंग कलर्स’ने केंटकी डर्बी जिंकली. १८७५ पासूनच्या त्या शर्यतीच्या इतिहासात विजयी ठरलेली ती केवळ तिसरी घोडी.

७/
मग आले १९९३. प्रीकनेसमध्ये त्यांचा ‘युनियन सिटी’ पाय मोडून कोसळला आणि त्याला मरण द्यावे लागले. घोड्यांकडून अतोनात काम करून घेतात, ही टीका आता उघडपणे होऊ लागली. दोन्ही अर्थांच्या प्रशिक्षकांमधला खरा फरक इथे दिसतो. दमलेला खेळाडू ‘आज जमत नाही’ म्हणू शकतो. घोड्याचे दुखणे मात्र माणसालाच ओळखावे लागते आणि न ओळखल्याची किंमत घोडा मोजतो.

८/
त्याच वर्षाच्या डिसेंबरात, कॅलिफोर्नियातील सँटा अनिटा येथे ‘टॅबॅस्को कॅट’ हा तरुण घोडा हातातून सुटला. ल्युकस यांचे पुत्र व प्रमुख सहायक जेफ त्याला अडवायला पुढे झाले. घोड्याने त्यांना उडवले. कवटीला गंभीर इजा झाली आणि जेफ बराच काळ बेशुद्ध होते. जीव वाचला, पण मेंदूची दुखापत जन्मभर राहिली. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

९/
पित्याने तो घोडा विकला नाही, दुसऱ्याच्या हवालीही केला नाही. काही महिन्यांतच, १९९४ मध्ये, त्याच टॅबॅस्को कॅटने प्रीकनेस व बेलमाँट या दोन्ही शर्यती जिंकल्या. जो मुलगा हे यश वाटून घेणार होता, तो त्या वेळी चालणे-बोलणे नव्याने शिकत होता.

१०/
तिथून जे घडले ते ना आधी घडले होते, ना नंतर. १९९५ मध्ये ‘थंडर गल्च’ने डर्बी व बेलमाँट आणि ‘टिंबर कंट्री’ने प्रीकनेस जिंकली. १९९६ ची डर्बी ‘ग्राइंडस्टोन’ने नेली. ट्रिपल क्राउनच्या सलग सहा शर्यती एकाच पागेने जिंकल्या होत्या.

११/
१९९९ चा ‘करिझ्मॅटिक’ तर मुळात कोणाच्या गणतीत नव्हता. ठरलेली रक्कम भरून कोणीही घोडा विकत घेऊ शकतो अशा हलक्या शर्यतींत तो धावला होता. त्याने डर्बी व प्रीकनेस जिंकल्या. बेलमाँटमध्ये अंतिम रेषेजवळ त्याचा पाय मोडला. जॉकी ख्रिस अँटली खाली उतरले आणि त्यांनी तो पाय हातांनी उचलून धरला. घोडा वाचला, तिहेरी मुकुट मात्र हुकला. त्याच वर्षी ल्युकस यांना अश्वशर्यतींच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले.

१२/
विजयांची बेरीज मोठी आहे : ट्रिपल क्राउनच्या १५ शर्यती, ब्रीडर्स कपच्या २०. पण शाळामास्तराचा वारसा शोधायचा तर त्यांच्या सहायकांकडे पाहावे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या टॉड प्लेचर यांनी २०१० व २०१७ ची केंटकी डर्बी जिंकली. कीरन मॅकलॉफलिन यांनी २००६ ची बेलमाँट जिंकली. पागेत घोड्यांइतकीच माणसेही तयार होत होती.

१३/
२०२४ मध्ये ‘सीझ द ग्रे’ प्रीकनेस जिंकला तेव्हा ल्युकस ८८ वर्षांचे होते. ट्रिपल क्राउनची शर्यत जिंकणारे ते सर्वांत वयोवृद्ध प्रशिक्षक ठरले. एकेकाळी गर्भश्रीमंतांचे घोडे सांभाळणाऱ्या या माणसाच्या अखेरच्या मोठ्या विजेत्याची मालकी अडीच हजारांहून अधिक छोट्या भागधारकांत वाटलेली होती.

१४/
२८ जून २०२५ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आजार बळावल्यावर त्यांचे घोडे त्यांच्या दीर्घकाळच्या सहायकाकडे सोपवण्यात आले होते. प्रशिक्षक गेले, सराव पहाटे नेहमीच्या वेळी सुरू झाला.