फ्रीज मालकाचा, सुरी आपली

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. आवाज एवढासा! "आजी, घरमालकांच्या फ्रीजची वाट लावली गं मी." फ्रीझरमध्ये बर्फाचा डोंगर साचलेला, ऑफिसला निघायची घाई, आणि बाईसाहेबांनी बर्फ सुरीने खरवडायला घेतला. फस्स असा आवाज आला आणि गॅस गेला. साध्या, एका दाराच्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातच गॅसच्या वाटा असतात, हे तिला कोण सांगणार? मग हळूच पुढचा प्रश्न आला. "आपोआप बंद पडला असं सांगू का? तसाही बारा वर्षांचा आहे तो."

मी लगेच उत्तर दिलं नाही. जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला काही विचारलं की ती आधी मागे जाते. मंडळी, तुम्हीही चला.

मी वाढले गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांत. मालक द्यायचा चार भिंती आणि एक मोरी. बाकी पाटा-वरवंट्यापासून स्टोव्हपर्यंत सगळं आपलं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जागेला जे भाडं होतं तेच प्रमाण धरलं होतं. युद्ध आणि फाळणीनंतरच्या काळात डोक्यावर छप्पर राहिलं ते त्यामुळेच, हे विसरून चालणार नाही. पण भाडं गोठलं तसा मालकाचा जीवही जागेतून उडाला. दुरुस्ती त्याच्याच माथी होती, तरी गळकं कौल बघायलाही तो फिरकत नसे. शेवटी १९६९ मध्ये सरकारला जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. असा मालक स्टोव्ह काय दुरुस्त करणार! स्टोव्ह बिघडला की जिन्याखालून "इस्टोऽव्ह रिपेरऽ" अशी आरोळी येण्याची वाट बघायची.

आमच्याकडे तेव्हा बाहेरच्या खोलीत कॉटवर एक गावाकडचा मुलगा राहायचा. (कायद्याला पोटभाडेकरू चालत नसे, पण चाळीत घरोघरी कोणी ना कोणी असेच.) रात्रपाळीहून आला की आमच्याच स्टोव्हवर चहा करून घ्यायचा. एकदा त्याच्या हातून स्टोव्ह पडला आणि टाकीचा सांधा उकलला. त्याने काय करावं? गळतीवर साबण चोपडला आणि गुपचूप झोपला. सकाळी आईने पंप मारला मात्र, साबण सुटला, रॉकेलची चिळकांडी उडाली आणि ज्वाळा थेट पदराला! मोरीतलं ओलं गोणपाट शेजारच्या काकूंनी टाकलं म्हणून निभावलं. आईच्या मनगटावरचा डाग शेवटपर्यंत होता. त्या मुलाला तिने घराबाहेर काढलं नाही. पण पुन्हा स्टोव्हला हात लावू दिला नाही. त्याचा चहा मग तीच करून द्यायची, रात्री दोनला उठून.

मालकाचा फ्रीज भाडेकरूच्या स्वयंपाकघरात आला तो फार नंतर. १९७३ च्या दुरुस्तीने, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे परवान्यावर राहत होते त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. मालक इतके धास्तावले की कित्येकांनी जागा कुलूप लावून ठेवल्या, पण दिल्या नाहीत. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. परवान्याची मुदत संपली की जागा परत मिळवायची जलद वाट त्यात होती, आणि करार नोंदवणंही सक्तीचं झालं. मग कुलपं निघू लागली. अकरा महिन्यांच्या करारांबरोबर गीझर, गॅसची शेगडी, फ्रीज असं सामानही घराबरोबर येऊ लागलं. दर दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या मुलांची सोयच झाली ती. फक्त मोडलं तर कोणाचं, हा प्रश्न नवा होता.

खरं तर तोही जुनाच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात म्हटलंय की वाजवी झीज सोडून भाडेकरूने जागा होती तशी राखावी, आणि त्याच्या हातून काही बिघडलं तर मालकाने कळवल्यापासून तीन महिन्यांत ते नीट करून द्यावं. झीज वेगळी, मोडतोड वेगळी. पण हे घराबद्दल, फ्रीजबद्दल नव्हे. शिवाय नात 'भाडेकरू' नाहीच, ती परवानाधारक! तिची व्याख्या त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यात आहे. म्हणजे सगळी भिस्त करारावर. तिला तो वाचायला लावला. सामानाच्या यादीत एवढंच होतं, "फ्रीज – १". किती जुना, कसल्या अवस्थेत, काही नाही.

मग मी तिला पणजीच्या मनगटावरच्या डागाची गोष्ट सांगितली. ती गप्प झाली. संध्याकाळी तिने मालकांना फोन करून सुरीसकट सगळं सांगितलं. त्यांनी आधी नव्या फ्रीजची किंमत मागितली. झाली का पंचाईत! मीच म्हटलं, चूक कबूल केली म्हणून बारा वर्षांची झीज काही तुझ्या नावावर जात नाही. दुरुस्तीवाल्याला दोघांसमोर बोलाव. तो आला, भोक बुजवून गॅस भरता येईल म्हणाला. ते पैसे नातीने दिले. दाराचं रबर आधीच गेलेलं होतं, बर्फ साचायचं निम्मं कारण तेच. ते मालकांनी बदलून दिलं.

यादीत आता तिने मालकांची सही घेऊन एक ओळ वाढवलीय: फ्रीज बारा वर्षांचा, गॅस नव्याने भरलेला. आणि फ्रीझर साफ करायला माझ्याकडचं लाकडी उलथनं घेऊन गेलीय. म्हटलं, अगं, त्यानेही खरवडू नकोस. बटण बंद करून दार उघडं ठेव आणि खाली परात ठेव.