रुआकाना : सीमा, धबधबा आणि वीजकेंद्र

नामिबियाच्या उत्तर सीमेवर, कुनेने नदीच्या काठी, रुआकाना नावाचे एक लहानसे शहर आहे. नदीच्या पलीकडे अंगोला. नकाशात शोधून काढावे लागणारे हे ठिकाण इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाचे वाटावे याचे कारण असे की, येथील आंतरराष्ट्रीय सीमा, जलविद्युत केंद्र आणि खुद्द ही वसाहत, या तिन्हींचे मूळ एका राजनैतिक दस्तऐवजातील ‘धबधबे’ या शब्दात आहे. त्या शब्दाने नेमके कोणते स्थळ अभिप्रेत होते, हे ठरावयास चाळीस वर्षे लागली. आणि ज्यांच्या भूमीविषयी हा वाद चालला, त्यांना त्यात कोणी विचारले नाही.

प्रथम नावाविषयी. ‘रुआकाना’ हे ओत्जीहेरेरो भाषेतील ‘ओरुआहाकाहाना’ या शब्दाचे संक्षिप्त रूप मानले जाते. त्याचा अर्थ पाण्याची धावपळ, वेगाने कोसळणारा प्रवाह. रोमन लिपीत हे नाव पोर्तुगीज पद्धतीने ‘सी’ हे अक्षर घालून लिहितात, आणि नामिबियानेही ते तसेच ठेवले आहे. नदीच्या नावात मात्र अंगोलात ‘सी’ तर नामिबियात ‘के’ येतो. स्थानिकांनी प्रवाहाच्या गुणावरून दिलेले नाव परकीयांच्या लेखनपद्धतीत स्थिरावले, एवढ्यावरूनही येथील इतिहासाची दिशा ध्यानात येते.

दिनांक ३० डिसेंबर १८८६ रोजी लिस्बन येथे जर्मनी आणि पोर्तुगाल यांनी आपापल्या प्रदेशांची सीमा ठरविली. नदीच्या मुखापासून कुनेनेच्या पात्राने वर जावे; हुंबेच्या दक्षिणेस, डोंगररांग फोडून नदी जेथे धबधबे निर्माण करते, तेथपर्यंत; आणि तेथून अक्षवृत्ताला अनुसरून पूर्वेकडे कुबांगो नदीपर्यंत सरळ रेषा आखावी, असा तिचा आशय होता. युरोपात बसून नकाशावर हे वर्णन पुरेसे वाटले असावे. प्रत्यक्षात कुनेनेच्या या भागात पाणी एकाहून अधिक ठिकाणी कोसळते. जर्मनीने वरच्या अंगाच्या प्रपातांकडे बोट दाखविले, पोर्तुगालने खालच्या रुआकानाकडे. दोन अर्थांतून दोन समांतर रेषा निघाल्या, आणि त्यांच्यामध्ये सुमारे ११ किलोमीटर रुंदीचा पट्टा विवादग्रस्त राहिला.

हा पट्टा निर्जन नव्हता. तेथे क्वान्यामा लोकांची वस्ती होती. पहिल्या महायुद्धात जर्मन सत्ता गेल्यावर तो ‘तटस्थ प्रदेश’ म्हणून ओळखला जाऊ लागला. पोर्तुगीजांनी पराभूत केलेला क्वान्यामा राजा मांदुमे या ंदेमुफायो याने तेथेच ओइहोले येथे आपले ठाणे हलविले. १९१७ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेच्या फौजेशी झालेल्या लढाईत त्याचा अंत झाला. तो गोळीने पडला की त्याने स्वतःच प्राण दिले, याविषयी जेत्यांची कथा आणि क्वान्यामांची कथा भिन्न आहे.

दक्षिण आफ्रिकेला राष्ट्रसंघाकडून या प्रदेशाचा कारभार मिळाला होता. तिने १९२६ मध्ये पोर्तुगालचा अर्थ मान्य केला. रुआकाना हाच सीमेचा धबधबा ठरला. ही उदारता नव्हती. त्याच वर्षी कुनेनेच्या पाण्याचा वापर करण्याविषयीचा करारही झाला. जमिनीच्या पट्ट्यावरील हक्क सोडून पाण्यावरील हक्क पदरात पाडून घेतला, असाच या दोन करारांचा एकत्रित अर्थ लावावा लागतो. क्वान्यामांचा देश या सरळ रेषेने दुभंगला तो दुभंगलाच.

त्या हक्काचे रूपांतर प्रत्यक्ष बांधकामात होण्यास १९६९ चा करार यावा लागला. गोवे येथे, अंगोलाच्या अंतर्भागात, नदीचे पाणी साठवावयाचे. कालुएके येथे ते नियमित करावयाचे. रुआकाना येथे वीज काढावयाची, अशी ती योजना. कोयनेचे भूमिगत वीजगृह ज्यांना ठाऊक आहे, त्यांना येथील रचना समजण्यास अडचण पडू नये. धबधब्याच्या वर बंधारा घालून पाणी बोगद्यात वळविले आणि सुमारे १२० मीटरांच्या उताराचा लाभ घेऊन ते खडकाच्या पोटातील टर्बाईनवर सोडले. विलक्षण गोष्ट ही की बंधारा अंगोलात आहे आणि वीजगृह नामिबियात. प्रत्येकी ८० मेगावॉटचे तीन संच १९७० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले. चौथा २०१२ मध्ये आला. शहर वसले ते या केंद्राच्या नोकरवर्गासाठी आणि त्याच्या रक्षणार्थ ठेवलेल्या सैन्यासाठी.

रक्षणाचे हे निमित्त फार दूरवर गेले. १९७५ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने सीमा ओलांडून कालुएके ताब्यात घेतले, ते बांधकामाच्या संरक्षणाचे कारण सांगून. अंगोलातील तिच्या दीर्घ हस्तक्षेपाचा तो आरंभ होता. त्या वेळी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नामिबियातील तिचे अस्तित्वच अवैध ठरवून चार वर्षे झाली होती. पुढे २७ जून १९८८ रोजी क्यूबाच्या मिग विमानांनी याच कालुएके धरणावर बाँब टाकले, त्यात दक्षिण आफ्रिकेचे अकरा सैनिक ठार झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्क येथे करार झाले, आणि २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला.

स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच नामिबिया आणि अंगोला यांनी कुनेनेविषयीचे जुने करार मान्य केले. लिस्बन आणि प्रिटोरिया यांनी केलेली व्यवस्था दोन स्वतंत्र राष्ट्रांनी पुढे चालवावी, याचे नवल वाटण्याचे कारण नाही; बंधारा एका देशात आणि यंत्रे दुसऱ्या देशात असताना करार मोडणे कोणालाच परवडणारे नव्हते. मात्र खालच्या अंगाला एपुपा येथे नवे धरण बांधण्याची योजना १९९० च्या दशकात पुढे आली, तेव्हा चित्र बदललेले दिसते. पूर्वजांच्या समाधी आणि नदीकाठची कुरणे बुडतील म्हणून हिंबा लोकांनी तिला उघड विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे देशाबाहेरही ऐकले गेले. १८८६ मध्ये किंवा १९२६ मध्ये असे म्हणणे मांडण्यास जागाच नव्हती.

रुआकानाचा धबधबा आता वर्षाचा बराच काळ कोरडा असतो. पाणी बोगद्यातून जाते. पावसाळ्यात पूर आला आणि बंधाऱ्यावरून पाणी ओसंडले, म्हणजे कड्यावरून नदी पुन्हा कोसळू लागते.