खुकरी, दुसऱ्यांदा

9 डिसेंबर 1971. रात्रीचे पावणेनऊ वाजून गेलेत. दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर, आयएनएस खुकरीच्या ब्रिजवर तुम्ही उभे आहात. पाकिस्तानी पाणबुडी हुडकायला ही फ्रिगेट मुंबईहून आली आहे, सोबत कृपाण ही दुसरी फ्रिगेट आहे. सोनार यंत्राला दूरचा कानोसा लागावा म्हणून वेग मुद्दाम कमी ठेवलाय. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, ओरडावंसं वाटतं; पण तुमचा आवाज इथे कुणापर्यंत पोचत नाही. खाली ती पाणबुडी, ‘हंगोर’, नेम धरून आहे.

टॉर्पेडो आदळतो. दिवे जातात, डेक कलतो, माणसं अंधारात चाचपडत वर येतात. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला त्यांना जहाजाबाहेर काढतायत. स्वतःचं लाइफ जॅकेट ते एका नौसैनिकाला देतात आणि जहाज सोडत नाहीत. काही मिनिटांत सगळं पाण्याखाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले.

आता 23 ऑगस्ट 1989ला, मुंबईत या. माझगाव गोदीत बांधलेली नवी कॉर्व्हेट नौदलात दाखल होतेय. बुडालेल्या जहाजाचं नाव अशुभ म्हणून टाकून देता आलं असतं. नौदलाने ते नव्या नौकेला दिलं, तिच्या अख्ख्या वर्गालाही दिलं, आणि मला हा निर्णय फार मोठा वाटतो. संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांच्यासोबत समारंभाला सुधा मुल्ला आल्या आहेत, कॅप्टनच्या पत्नी. पतीला घेऊन बुडालेलं नाव पुन्हा समुद्रात सोडायला त्या स्वतः उभ्या राहिल्या. इथे थोडं थांबा, त्यांच्याकडे नीट पाहा.

पुढची बत्तीस वर्षं भरभर सरतात. पश्चिम ताफा, पूर्व ताफा, जवळपास साडेसहा लाख सागरी मैलांचा प्रवास. कृपाणचं नावही नव्या कॉर्व्हेटला मिळालं. ती 2023मध्ये व्हिएतनामला दिली गेली.

डिसेंबर 2021मध्ये विशाखापट्टणमला दुसरी खुकरी निवृत्त होते. तिला भंगारात काढलं नाही. जानेवारी 2022मध्ये ती दीवला आणली गेली आणि 26 तारखेला तिथल्या प्रशासनाच्या हवाली झाली, स्मारक आणि संग्रहालय व्हायला. जिच्यावरून नाव घेतलं ती पहिली खुकरी याच किनाऱ्यासमोर बुडाली होती.

दीवला जाल तेव्हा किल्ला पाहून परत फिरू नका. खुकरीलाही भेट द्या, आणि सोबतच्या मुलांना 194 जणांची गोष्ट सांगा.