थ्रेड : रानपिंगळ्याच्या पायातली चिठ्ठी

आजचा धागा एका खोट्या चिठ्ठीविषयी आहे. चिठ्ठी बोटभर, एका मृत पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने बांधलेली. तिच्यावर एका गावाचे नाव आणि एक तारीख. या दोन नोंदींनी शहादा-तळोद्याच्या जंगलातल्या एका पक्ष्याचा पत्ता कित्येक वर्षे चुकवला.

गावोगावच्या तरुणांना हौशी निसर्ग अभ्यासक म्हणून तयार करणारी शिबिरे आता आपल्याकडेही भरतात. गेल्या जानेवारीत तोरणमाळच्या पायथ्याशी अशाच एका दोन दिवसांच्या शिबिराला मी गेले होते. दुर्बिणीच्या आधी आमच्या हाती वही आली. तारीख, वेळ, गाव, शिवार, काय दिसले, काय दिसले नाही, असे तिचे रकाने. नोंदीचा एवढा आग्रह कशासाठी, हा प्रश्न घेऊन मी मागे मागे जात राहिले आणि फिरून आपल्याच जिल्ह्यात येऊन पोचले.

सुरुवात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्यापासून करू. १८८५ची काँग्रेस म्हटली की आपण त्यांचे नाव घेतो; पक्षी अभ्यासकांना मात्र ते त्याआधीपासून ठाऊक होते. १८७२ साली त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षीविषयक नियतकालिक सुरू केले आणि देशभर विखुरलेल्या कलेक्टर, डॉक्टर, लष्करी अधिकारी, अभियंते अशा मंडळींना पत्रव्यवहाराने त्याच्याशी बांधून घेतले. यांपैकी बहुतेकांचा पक्षीशास्त्राशी पोटापाण्याचा संबंध नव्हता. फावल्या वेळात, स्वखर्चाने, हौसेखातर काम करणारी ही माणसे. आजच्या भाषेत स्वयंसेवक. त्यांच्यासाठी ह्यूम यांनी १८७४ मध्ये एक हस्तपुस्तिकाच काढली. पक्षी गोळा कसे करावेत, कातडे कसे टिकवावे, नमुने बांधून कसे पाठवावेत, याच्या व्यवहारी सूचना तीत होत्या. हिंदुस्थानातल्या हौशी निसर्ग अभ्यासकाच्या प्रशिक्षणाचे ते एक जुने पाठ्यपुस्तक म्हणायला हरकत नाही.

(तेव्हाचा ‘अभ्यास’ म्हणजे आधी बंदूक, मग वही, हे विसरू नका. दुर्बिणीने पक्षी ओळखण्याची पद्धत फार पुढची.)

याच काळात पश्चिम खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाचे सनदी अधिकारी होते. सरकारी कामाने शहादा, तळोदा, सातपुड्याचा पायथा हा त्यांचा फिरतीचा मुलूख. या फिरतीतून त्यांनी पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची एक यादी तयार केली आणि ती १८८२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापून आली. आज ज्याला आपण नंदुरबार जिल्हा म्हणतो, त्या भूभागाच्या पक्षीजीवनाचा हा पहिला मोठा दस्तऐवज. महसुलाच्या दप्तरांत जंगल दिसते ते लाकडाच्या उत्पन्नातून. डेव्हिडसन यांच्या यादीत तेच जंगल घरटी, हंगाम आणि आवाज यांतून दिसते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत.

डेव्हिडसन यांना इथे एक लहानसे घुबड सापडले. नेहमीच्या पिंगळ्यासारखेच, पण डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी नसलेले. ही जात नवी म्हणून ह्यूम यांनी १८७३ मध्येच नोंदवली होती. तो पहिला नमुना एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडच्या भागातून पाठवला होता आणि त्यांच्याच नावावरून पक्ष्याचे शास्त्रीय नाव ठरले. मराठीत आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. जगभरच्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याचे नमुने होते अवघे सात. त्यांतले बहुतेक डेव्हिडसन यांनी खानदेशातून मिळवलेले. १८८४ नंतर हा पक्षी कुणालाच खात्रीने दिसला नाही.

अपवाद एकच, आणि तीच आपली चिठ्ठी. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर स्थळ होते तापीकाठचे मांडवी, म्हणजे आजच्या गुजरातमधले. आणि साल १९१४. माणूस नामांकित. त्याचा सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह १९५४ साली ब्रिटिश म्युझियमने सन्मानाने स्वीकारला. शंका घेणार कोण? रानपिंगळ्याचे शेवटचे ज्ञात ठिकाण म्हणून पुस्तकांत मांडवी जाऊन बसली. तो नंतर शोधला गेला तो याच पत्त्याच्या भरवशावर. हाती काही लागले नाही. हा पक्षी बहुधा नामशेष झाला, असे मत हळूहळू रूढ होऊ लागले.

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधिका दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरील मोठ्या ग्रंथासाठी जुने नमुने तपासत होत्या. माइनर्ट्झहागेन यांच्या नमुन्यांविषयी कुजबुज जुनीच होती. न विचारता नमुने बाहेर नेल्यावरून त्यांना १९१९ मध्ये काही काळ म्युझियमच्या पक्षिकक्षात येण्यास बंदीही झाली होती. प्रत्येक संग्राहकाची पक्ष्याचे कातडे भरण्याची एक ढब असते, हस्ताक्षरासारखी. मांडवीच्या रानपिंगळ्याची आतली बांधणी पाहिली तेव्हा ती डेव्हिडसन यांची निघाली. खानदेशातून गेलेला, म्युझियममध्ये जमा असलेला नमुना माइनर्ट्झहागेन यांनी उचलला, थोडा उसवून पुन्हा भरला, जुनी चिठ्ठी फेकली आणि नवी बांधली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हा सारा पुरावा प्रसिद्ध केला.

आपण ताम्रपट बनावट आहे की नाही हे अक्षरवटिकेवरून ठरवतो ना? पद्धत तीच. फक्त इथे ताम्रपटाला पिसे होती.

मांडवी बाद झाल्यावर खरी ठिकाणे उरली ती पूर्वेकडची एकदोन आणि डेव्हिडसन यांचे खानदेश. १९९७च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे आधी पूर्वेकडे गेले. तिथे निराशा झाली. मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी एका उघड्या झाडावर किंग यांना तो बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. त्याचे चित्रीकरणही झाले.

एका हौशी अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात प्रामाणिकपणे लिहिलेली गावांची नावे ११३ वर्षांनी वाटाड्या झाली, आणि एका प्रतिष्ठिताने लिहिलेले एक गाव कित्येक वर्षे आडवे पडून राहिले.

गावाचे नाव लिहिण्याविषयी एक अवांतर. डेव्हिडसन यांच्या वेळी हा सारा प्रदेश एकसंध खानदेश जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशचा पुढे धुळे जिल्हा झाला. रानपिंगळा पुन्हा दिसला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते, आणि जेमतेम सात महिन्यांनी, १ जुलै १९९८ रोजी, नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नोंदीत नुसता जिल्हा लिहिणाऱ्याची पंचाईत पाहा. गाव आणि शिवार लिहिणारा तरतो.

पुढच्या वर्षांत फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्या अभ्यासातून तोरणमाळच्या राखीव जंगलातले रानपिंगळे समोर आले, मेळघाटातही तो सापडला, २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात. २०१८ मध्ये त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा एक पायरी सुधारला. ही वार्ता आनंदाची. पण खानदेशातली त्याची जुनी जागा तशीच राहिलेली नाही. सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी तळोद्याचे सुमारे ४,२०० हेक्टर वनक्षेत्र १९९०च्या दशकात मोकळे झाले. ज्यांची गावे नर्मदेत बुडाली त्यांना जमीन मिळणे न्याय्यच होते, आणि ती मिळाली ती जंगल तोडून. या हिशेबाची बाकी अजून निघायची आहे. निदान तिथे आधी काय होते हे सांगणारा कागद तरी आहे.

मात्र या कागदातही एक उणीव आहे, आणि ती मला सर्वांत जास्त सलते. मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. म्हणजे शहरी, इंग्रजी शिकलेल्या आपल्या माणसांना या हौसेत थोडी जागा होती. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा माणसाला ती नव्हती. त्या काळचे साहेब वाट, झाड, घरटे दाखवणाऱ्या स्थानिकांवाचून जंगलात फारसे काही करू शकत नसत. चिठ्ठीवर मात्र साहेबाचे एकट्याचे नाव. खोटी चिठ्ठी रासमुसेन यांनी पकडली. जी नावे लिहिलीच गेली नाहीत, ती कोणत्या तपासणीत सापडणार?

२००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांच्या जैवविविधतेची नोंदवही आणली, ती याच रिकाम्या जागेसाठी, असे मी मानते. कागदावर तरी ही सोय उत्तम आहे. बऱ्याच नोंदवह्या घाईत, एकमेकींची नक्कल करून भरल्या जातात ही तक्रारही खोटी नाही. आणि नक्कल केलेली नोंद म्हणजे पुन्हा मांडवीच.

आता माझी स्वतःची गोष्ट. शिबिराची पहिली सकाळ, साडेआठची वेळ. आमच्याबरोबर वाट दाखवायला आलेल्या पावरा काकांनी न बोलता हात वर केला. निष्पर्ण सालईच्या शेंड्यावर एक पिंगळा बसला होता. त्याने शेपटी हलवली, निदान मला तसे वाटले. रानपिंगळा शेपटी झटकतो हे मी आदल्या रात्रीच वाचले होते. मी तत्काळ वहीत लिहिले : ‘रानपिंगळा. तोरणमाळ रस्ता.’ घरी कुणाकुणाला सांगायचे याची यादीसुद्धा मनात तयार झाली.

शिबिर घेणाऱ्या ताईंनी वही पाहिली आणि विचारले, “माथ्यावर ठिपके होते की नव्हते?” मी पाहिले नव्हते. “पंखावरचे पट्टे?” तेही नाही. “तोरणमाळ रस्ता म्हणजे कुठे? रस्ता पुष्कळ लांब आहे.” तोवर पक्षी उडून गेला होता.

त्यांनी मला खोडरबर वापरू दिले नाही. आधीचे वाचता येईल अशा बेताने एकच रेघ मारायला लावली. तिच्या खाली मी लिहिले : ‘पिंगळा. जात निश्चित नाही. माथा पाहिला नाही.’ मग गाव, शिवार, वेळ. वहीचा शेवटचा रकाना होता ‘कोणी दाखवला?’ मी काकांना त्यांचे पूर्ण नाव विचारले आणि लिहिले. त्यांनी वही हातात घेऊन ते सावकाश वाचले आणि आडनावातली एक वेलांटी मला दुरुस्त करायला सांगितली.