गोव्यातली स्वस्त 'पोर्ट वाइन' खरंच पोर्ट असते का? ती येते तरी कुठून?

गोव्यात फिरताना गल्लीच्या कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातही एक बाटली हमखास दिसते. गडद लाल रंग, लेबलवर पोर्तुगीज वळणाचं नाव, खाली ठळक अक्षरांत 'पोर्ट वाइन' आणि किंमत दोन-तीनशे रुपयांच्या आसपास. अनेक पर्यटक ती 'गोव्याची खास वाइन' म्हणून घेतात, तर काहींना वाटतं की ती थेट पोर्तुगालची आहे.

पण एवढ्या कमी पैशांत पोर्तुगालची वाइन मिळू शकते का? नसेल, तर त्या बाटलीत नेमकं काय असतं? आणि स्वस्त आहे म्हणजे ती बनावट समजायची का?

मूळ पोर्ट म्हणजे काय?

पोर्ट ही उत्तर पोर्तुगालमधल्या डोरो नदीच्या खोऱ्यातली वाइन. पोर्तो शहरातून ती जगभर गेली, म्हणून तिला हे नाव पडलं.

साध्या वाइनमध्ये द्राक्षांच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचा मद्यार्क होतो. पोर्ट बनवताना ही क्रिया अर्ध्यावर थांबवतात. त्यासाठी आंबणाऱ्या रसात द्राक्षांपासूनच केलेलं तीव्र मद्य ओततात. त्यामुळे यीस्टचं काम थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणजे पोर्टची गोडी द्राक्षातलीच असते आणि मद्याचं प्रमाण साधारण 19 ते 22 टक्के असतं. साध्या वाइनमध्ये ते बहुतेक वेळा 11 ते 14 टक्के असतं.

भेसळीचा प्रश्न जुनाच

18व्या शतकात इंग्लंडमध्ये पोर्टला प्रचंड मागणी आली आणि भेसळही वाढली. हलक्या वाइनला गडद रंग यावा म्हणून तिच्यात एल्डरबेरी नावाच्या फळांचा रस मिसळला जाऊ लागला. पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखल्या गेलेल्या पोर्तुगीज मंत्र्याने 1756 मध्ये डोरो खोऱ्यातल्या द्राक्षपट्ट्याची हद्द ठरवून दिली आणि व्यापारावर सरकारी देखरेख बसवली. एल्डरबेरीची झाडं उपटून टाकण्याचे हुकूमही निघाले.

आज वाइन, आंबा किंवा साडीला मिळणाऱ्या 'जीआय' मानांकनामागची कल्पना हीच आहे. 'पोर्तो' या नावाची भारताच्या जीआय नोंदवहीतही नोंद आहे.

मग गोव्यातली बाटली कुठली?

गोव्याची हवा दमट आणि पाऊस भरपूर. वाइनच्या द्राक्षांना हे मानवत नाही. त्यामुळे बाटली गोव्यात भरली असली, तरी द्राक्षं किंवा त्यांचा रस बहुधा घाटापलीकडून, कर्नाटक आणि महाराष्ट्रातून आलेला असतो.

यात सर्वात महत्त्वाचं नाव म्हणजे 'बंगळूर ब्लू'. बंगळूरच्या आसपास, चिक्कबळ्ळापूर आणि कोलार भागात पिकणारं हे काळंनिळं, बियांचं, उग्र वासाचं द्राक्ष. ते भरघोस पिकतं आणि वाइनच्या खास युरोपीय जातींपेक्षा बरंच स्वस्त पडतं. या द्राक्षालाही जीआय मानांकन आहे. त्याच्या रसाचा रंग आणि वास दाट असतो, आणि साखर घालून गोड केलेल्या वाइनला हेच दोन गुण हवे असतात.

म्हणजे गोव्यातली बहुतेक स्वस्त 'पोर्ट' ही भारतीय द्राक्षांची गोड लाल वाइन असते. पोर्तुगीज राजवटीत रुळलेली चव आणि नाव 1961 नंतरही टिकलं, पण आतला माल इथला आहे.

किंमतच बरंच काही सांगते

आयात वाइनवरचं सीमाशुल्क भारतात वर्षानुवर्षं 150 टक्क्यांच्या घरात राहिलं आहे. समजा, बंदरावर उतरताना बाटलीची किंमत 400 रुपये आहे. शुल्क धरून ती 1000 रुपयांवर जाते. त्यावर राज्याचे कर, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा वेगळा. ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात डिसेंबर 2022 पासून शुल्क कमी झालं, पण ती सवलतही 5 डॉलरपेक्षा महाग बाटल्यांनाच आहे.

थोडक्यात, अडीचशे रुपयांची बाटली कायदेशीर मार्गाने पोर्तुगालहून आलेली असणं अशक्यच. कुणी ती 'इम्पोर्टेड' म्हणून विकत असेल, तर तिथेच शंका घ्या.

स्वस्त म्हणजे बनावट का?

नाही. वाइन स्वस्त पडण्याची सरळ कारणं आहेत: भरपूर पिकणारं द्राक्ष, लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवण्याचा खर्च नाही, साधी बाटली आणि गोव्यातले तुलनेने कमी कर. परवानाधारक कारखान्यातून आलेली स्वस्त वाइन चवीला साधी असेल, पण तेवढ्याने ती विषारी ठरत नाही.

धोका वेगळाच आहे: माल कुठून आला हे कुणालाच सांगता न येणं. 1986 मध्ये इटलीत काही उत्पादकांनी स्वस्त वाइनची तीव्रता वाढवण्यासाठी मिथेनॉल मिसळलं आणि वीसहून अधिक लोकांचा जीव गेला. मिथेनॉल रंग, वास किंवा चवीवरून ओळखता येत नाही. त्यामुळे 'चाखून बघितली, ठीक वाटली' ही खात्री नव्हे. प्यायल्यानंतर काही तासांनी नजर अंधुक होणं, उलट्या, धाप लागणं असं काही झालं, तर ते साध्या हँगओव्हरवर न ढकलता लगेच रुग्णालय गाठायला हवं.

बाटली घेताना काय पाहाल?

• उत्पादक आणि बाटली भरणारा: दोन्ही नावं आणि पत्ते वाचा. 'कुठे बनली' आणि 'कुठे भरली' यांची उत्तरं वेगळी असू शकतात.
• एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक. परवाना क्रमांक एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर तपासता येतो.
• आयात असल्यास मूळ देश आणि भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता.
• मद्याचं प्रमाण: 'पोर्ट' लिहिलेलं असूनही टक्केवारी 19 पेक्षा बरीच कमी असेल, तर ती मूळ पद्धतीची पोर्ट नाही.
• घटक: साखर, रंग, सल्फाइट यांचा उल्लेख शोधा. सल्फाइट वाइनमध्ये नेहमीचंच असतं, पण काही दमेकऱ्यांना ते त्रासदायक ठरतं.
• झाकण आणि सील: फाटलेलं, पुन्हा चिकटवलेलं वाटलं तर बाटली परत करा. बिल मागा. दुकानदार बिल द्यायला तयारच नसेल, तर दुसरं दुकान गाठा.

'औषधाला बरी असते' हे खरं का?

पोर्टबद्दलचा हा समज गोवा-कोकणात जुना आहे. सर्दीला चमचाभर, बाळंतिणीला घोटभर, अशी ती अनेक घरांत दिली जात आली आहे. पण एफएसएसएआयच्या नियमांनुसार मद्याच्या बाटलीवर आरोग्याचा कोणताही दावा करता येत नाही. आरोग्यासाठी सुरक्षित म्हणावं असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं. स्तनपान करणाऱ्या आईने घेतलेलं मद्य दुधात उतरतं. लहान मुलांना तर ती थेंबभरही देऊ नये.

आणि घरी आणायची असेल तर?

गोव्यातल्या अनेक बाटल्यांवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं छापलेलं असतं. परवानगीशिवाय अशी बाटली महाराष्ट्रात आणणं हा 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बांदा-इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या थांबवून डिकी उघडायला लावतात, त्यामागचं एक कारण हेच. 'एकच तर बाटली आहे' म्हणून कायद्यातून सूट मिळत नाही.

गोव्याच्या दुकानातली ती लाल बाटली बहुतेक वेळा बनावट नसते. तिचं नाव तेवढं पोर्तुगालचं असतं आणि द्राक्ष बंगळूरकडचं. हे माहीत असताना घेतली, तर निदान पैसे कशाचे मोजतोय ते तरी कळतं.