चाहूल

मृगया हा शब्द कानी पडताच पुष्कळांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो दुष्यंताचा रथ. पुढे हरिण, मागे धनुष्य ओढलेला राजा, घोडे भरधाव आणि चाकांचा धडधडाट. शाकुंतलाचा पहिला अंक असाच उघडतो. दुसऱ्या अंकात बिचारा विदूषक तक्रार करतो ती हीच की, रान घेरायला निघालेल्या पारध्यांच्या गलक्याने भल्या पहाटे आपली झोप मोडली. तेव्हा शिकार म्हणजे आरडाओरडा अशी आपली समजूत झाली असेल, तर तो दोष आपला नव्हे. कवींचा आणि दरबारांचा आहे. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते दुसऱ्या अंगाविषयी. हरणाला चाहूल लागू न देता त्याच्याजवळ कसे जात, आणि हे काम कोण करी, एवढाच आजचा प्रश्न.

गलबला परवडतो तो ज्याच्यापाशी माणूसबळ आहे त्याला. 1567 साली अकबराने लाहोरजवळ 'कमरघा' केला. हजारो माणसांनी रानाला प्रचंड कडे घातले, ते दिवसामागून दिवस आवळत आणले आणि आत कोंडलेल्या जनावरांची बादशहाने पाच दिवस शिकार केली. येथे चाहुलीचा प्रश्नच उरत नाही. हरणाला सारे काही कळत असते. कळून जायला वाट नसते, इतकेच.

पण ज्याच्यामागे फौज नाही त्याने काय करावे? हरिण म्हणजे कान, असे म्हटले तरी चालेल. चितळ किंवा सांबर चरत असताना त्याचे दोन्ही कान दोन दिशांना स्वतंत्रपणे वळत असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात सागाचा पाचोळा पडला म्हणजे त्या रानात पाऊल टाकणे हे पापडावर पाऊल टाकण्यासारखेच. काळविटाची गोष्ट थोडी निराळी. ते उघड्या माळावर राहते आणि कानांपेक्षा डोळ्यांवर अधिक विसंबते. (शास्त्रज्ञ काळविटाला हरणाच्या कुळात धरीत नाहीत, कारण त्याची शिंगे दरसाल गळत नाहीत. आम्ही आज बोलीतला अर्थ घेत आहोत, हे प्राणिशास्त्र शिकलेल्या श्रोत्यांनी चालवून घ्यावे.) शिवाय वारा आहेच. वारा पाठीवर घेऊन निघालेल्या माणसाने कितीही हलके पाऊल टाकले तरी त्याचा वास त्याच्या आधी पोचतो. आणि एवढे सांभाळले तरी मध्येच एखादी टिटवी उठते व गावभर बोभाटा करते.

अबुल फज्लने 'ऐन-ए-अकबरी'त हरणांच्या शिकारीच्या ज्या तऱ्हा नोंदल्या आहेत, त्या या दृष्टीने वाचण्याजोग्या आहेत. काही शिकारी अंगाला हिरव्या डहाळ्या बांधून हरणांच्या वाटेवर जात. काही वाऱ्याच्या समोर तोंड करून दडून बसत. एक तऱ्हा तर अशी की, बोडक्या डोक्याचा माणूस हरणासमोर दूर उभा राहून वेडेवाकडे अंगविक्षेप करी. हे काय खूळ आहे म्हणून हरिण कुतूहलाने जवळ येई आणि दडलेल्यांच्या हाती सापडे. आणखी एक प्रकार रात्रीचा. शिकारी दिव्याच्या आडोशाला ढाल किंवा टोपली धरून लहान घंटा वाजवीत. आवाजाने आणि उजेडाने ओढलेली जनावरे पुढे येत व अंधारातून बाण सुटत. कोणी गाणे गाऊन हरणांना भुलवीत आणि ती जवळ आली की मारीत. या शेवटल्या दोन रीती अकबराला नापसंत होत्या, असे अबुल फज्ल सांगतो. कमरघ्यात जनावरांच्या कत्तली करणाऱ्या बादशहाला गाण्याने केलेली शिकार मात्र खुपावी, हे आम्हांस मोठे अर्थपूर्ण वाटते. भिऊन पळणाऱ्याला मारणे निराळे आणि विश्वासाने आलेल्याला मारणे निराळे, असा काही भेद त्याच्या मनात असावा, हा आमचा तर्क.

आता हा भेद धरून चित्त्याच्या शिकारीकडे पाहू. (बिबट्याला चित्ता म्हणण्याची खोड आपल्याला लागली आहे. चित्ता निराळा, सडपातळ, लांब पायांचा, डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरलेला.) कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्त्याकडून केलेल्या शिकारीचा उल्लेख येतो, आणि आपल्या देशातल्या अशा जुन्या उल्लेखांत तो गणला जातो. चित्त्याइतके वेगवान जनावर भूमीवर दुसरे नाही. पण त्याचा दम फार थोडा. काहीशे वावांत काळवीट हाती आले नाही तर तो पाठलाग सोडून धापा टाकीत बसतो. म्हणून त्याला काळविटाच्या अगदी जवळ नेऊन सोडावे लागे. उघड्या माळावर, दिवसाढवळ्या, ज्याची नजर कोसभर पोचते अशा प्राण्याजवळ कसे जायचे?

याचे उत्तर बैलगाडी. डोळ्यांवर टोपडे चढवलेला चित्ता गाडीवर बसवीत, शेजारी चित्तेवान, पुढे गाडीवान. गाडी कळपाच्या रोखाने कधीच नेत नसत. आपल्या वाटेने बाजूने चालली आहे असे दाखवीत फेरे घेत आणि प्रत्येक फेऱ्याला थोडी आत सरकत. मध्ये थांबणे नाही, कारण करकरणारी गाडी एकाएकी गप्प झाली की कळपाच्या माना वर झाल्याच. श्रोतेहो, यातले मर्म पाहा. येथे आवाज बंद केलेला नाही. आख वाजते आहे, बैल फुरफुरत आहेत, गाडीवान तोंडाने त्यांना हाकतो आहे. काळवीट पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या कडेला चरत आले. हा आवाज त्याच्या ओळखीचा, शेतकऱ्याचा, निरुपद्रवी. शिकाऱ्याने ती ओळखच वापरली. 'ऐन'मध्ये तर गाडीचा याहून चतुर उपयोग आहे: चित्त्याला वाऱ्याच्या धोरणाने आडोशाला दडवीत आणि गाडी उलट दिशेला नेत. हरणाचे लक्ष गाडीवर, आणि झडप दुसरीकडून.

चित्त्याला तयार करण्याची रीत याच्या नेमकी उलट होती. रानातून धरून आणलेला चित्ता गजबजलेल्या रस्त्याच्या कडेला बाजेवर बांधून ठेवीत. बायकापोरांची बडबड, कुत्र्यांचे भुंकणे, सारे त्याच्या अंगवळणी पडेपर्यंत त्याला तेथून हलवीत नसत.

मोगल दरबारात या चित्त्यांचा मान मोठा. 1572 साली सांगानेरजवळ अकबराच्या एका चित्त्याने हरणामागे मोठी घळ ओलांडून उडी घेतली. बादशहाने त्याला साऱ्या चित्त्यांचा नायक केले आणि त्याच्यापुढे नगारा वाजत जावा असा हुकूम दिला. ज्याची सारी करामत चाहूल न लागण्यात, त्याच्यापुढे नगारा!

आता याच घराण्यातली दुसरी नोंद ऐका. जहांगीर 1605 साली तख्तावर आला. त्याने आपली रोजनिशी स्वतः लिहिली, आणि तिच्या आरंभीच्या वर्षांत तो सांगतो की, आपण एका नीलगाईच्या टप्प्यात पोचलो असता अचानक एक मोतद्दार आणि दोन भोई समोर आले, आणि नीलगाय पळाली. संतापून त्याने मोतद्दाराला जागच्या जागी ठार करविले. भोयांच्या पायांच्या शिरा तोडविल्या, त्यांना गाढवावर बसवून छावणीतून फिरविले. पुन्हा कोणाची अशी छाती होऊ नये म्हणून. हे सारे त्याने चारदोन ओळींत लिहिले आहे आणि पुढे शिकारीच्या हिशेबाकडे वळला आहे. त्या तिघांची नावे तो देत नाही. याच जहांगिराने मनसराज नावाच्या आपल्या लाडक्या काळविटासाठी आज पाकिस्तानात असलेल्या शेखूपुऱ्यास मनोरा उभारला. तो हिरन मिनार अजून उभा आहे. काळविटाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. ज्यांच्या चुकलेल्या पावलाची ही किंमत झाली, त्यांचे नाही. ते आपल्या कामाला निघाले होते, इतकेच आपण धरून चालू शकतो.

आपल्या घराजवळचा शेवटचा अध्याय कोल्हापूरचा. विसाव्या शतकात देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूर दरबाराने आफ्रिकेहून चित्ते आणविले. बैलगाडीच्या जागी घोड्यांची गाडी आली. राजर्षी शाहू महाराजांच्या गाडीला लोक 'खडखडा' म्हणत, हे कोल्हापुरातल्या कोणालाही विचारावे. अशा नावाच्या गाडीकडून कोणी शांततेची अपेक्षा करणार नाही! परंतु माळावरच्या कळपाला चाकांच्या आवाजाचे भय नव्हते, तोवर तीही चालली.

आणि या साऱ्या विद्येचे मूळ मालक कोण? तर पारधी. पायी निघालेला फासेपारधी शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने, तिच्या चरण्याच्या चालीने, काळविटाच्या जवळ सरके. तित्तराची बोली तो अशी काढी की तित्तर उत्तर देई. फासांची ओळ मांडून कळपाला भडकू न देता हलके हलके तिकडे वळवावे, हे काम त्यानेच करावे. चित्ते धरणारे आणि शिकवणारे म्हणून 'चित्तापारधी' असे नावच एका शाखेला पडले. राजेरजवाड्यांनी या हलक्या पावलाची तारीफ केली. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारध्यांनाही त्याखाली आणले. ज्याने आपल्या पावलाचा आवाज होऊ न देणे पोटासाठी साधले, त्याला आता पाऊल कोठे टाकले ते पोलिसांना सांगण्याची, हजेरी देण्याची पाळी आली. त्याचे कसब हाच त्याच्यावरचा संशय ठरला.

1947 साली सरगुजाकडच्या कोरिया संस्थानाच्या राजाने रात्री मोटारीतून जाताना दिव्याच्या झोतात तीन चित्ते टिपले. आपल्या देशातल्या चित्त्यांची खात्रीची अशी हीच अखेरची नोंद मानतात. 1952 साली सरकारने चित्ता नष्ट झाल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी, 31 ऑगस्टला, गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने काळविटाची शिकार गुन्हा ठरली. पारध्याचे उरलेसुरले कसबही त्यात बसले. 2022 च्या सप्टेंबरात नामिबियाचे आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले, तेव्हा त्यांच्या आगमनाचा गाजावाजा देशभर झाला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीच्या अभयारण्यात काळविटे आहेत. तेथून ती आजूबाजूच्या शेतांत उतरतात, आणि पिकाचा धनी ओरडत धावून आला म्हणजे दोन उड्या मारून बाजूला होतात.